मनाची मशागत

प्राण आणि मन हे दोन शब्द आपल्या तोंडी रोज असतात. प्राण गेला की देहाची माती होते. मन हरवले, तर माणूस चालतो-बोलतो, पण जागेवर नसतो. हा भेद दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या लोकांनाही ठाऊक होता. त्यांच्या लॅटिन भाषेत त्यासाठी दोन सख्खे शब्द आहेत : ‘आनिमा’ आणि ‘आनिमुस’.

आनिमा म्हणजे वारा, श्वास, जीव. तो माणसात आहे तसाच गाईबैलांतही आहे. म्हणून जिवंत प्राण्याला लॅटिनमध्ये ‘आनिमाल’ म्हणतात. आपणही प्राण असलेल्याला प्राणीच म्हणतो. आनिमुस म्हणजे जाणणारे, ठरवणारे, धीर धरणारे आणि रागावणारेही मन. आत्मा या अर्थीही तो शब्द चाले. आपल्याकडे ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे. त्या धातूपासून प्राण, अपान, अनिल हे शब्द झाले. भाषेचे अभ्यासक लॅटिनमधले हे दोन्ही शब्द याच मुळाचे मानतात. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, असे त्यांनी १५८३ सालीच आपल्या भावाला कळवले होते.

कवी लुक्रेशियसने या दोन शब्दांची वाटणी केली. आनिमुस छातीत बसून आज्ञा देतो, आनिमा सर्वांगात पसरून ती पाळते, आणि मरणाबरोबर दोन्ही विरून जातात, असे त्याचे मत. पण घरात मरण येते तेव्हा माणसाला अशा वाटणीने समाधान होते का?

रोमचा थोर वक्ता सिसेरो याच्यावर ती वेळ आली. इसवी सनापूर्वी ४५ साली त्याची लाडकी लेक तुलिया बाळंतपणानंतर वारली. सिसेरो समुद्रकाठच्या घरी एकटाच राहिला. दिवसभर दाट रानात बसायचा, वाचायचा, लिहायचा. मित्राला त्याने कळवले की, शोकाचा बाहेरचा देखावा मी कमी केला आहे. आतले दुःख कमी करता येत नाही, आणि आले असते तरी मी केले नसते. किती खरा बाप!

त्याच वर्षी त्याने मरण, वेदना आणि दुःख यांवर पाच भागांचा संवाद लिहिला. आनिमुस हा शब्द आनिमावरून आला, हेही तो त्यात सांगतो. पुढे संवादातला सोबती त्याला अवघड प्रश्न विचारतो : ज्ञान सांगणारेच वाईट वागताना दिसतात, मग त्या ज्ञानाचा उपयोग काय? सिसेरो ते नाकारत नाही. तो म्हणतो, मशागत केलेले प्रत्येक शेत पिकतेच असे नाही. पण कितीही कसदार जमीन असली तरी मशागतीवाचून पीक येत नाही. मनाचेही तसेच. दुर्गुण मुळासकट उपटायचे, जमीन तयार करायची, मग बी पेरायचे. या कामाला त्याने नाव दिले ‘कुल्तुरा आनिमी’, म्हणजे मनाची मशागत.

‘कुल्तुरा’ ज्या धातूपासून आला, त्याचे अर्थ शेत कसणे आणि देवाची पूजा करणे असे दोन्ही आहेत. हे वाचून अरणच्या सावता माळ्यांची आठवण कोणाला होणार नाही? त्यांना मळ्यातच विठ्ठल भेटला.

म्हणून माउलींनो, तो सोबत्याचा प्रश्न दुसऱ्याला विचारू नका, स्वतःला विचारा. माळ गळ्यात आहे, टिळा कपाळी आहे, आत तण किती आहे? आनिमा, हा श्वास, न मागता मिळाला आणि एक दिवस न विचारता जाईल. आनिमुस मात्र रोज कसावा लागतो. एका वर्षी खुरपले म्हणून पुढच्या वर्षी तण उगवायचे थांबत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आपली वारी दरवर्षी असते आणि हरिपाठ रोज असतो, ते यासाठीच. आणि मशागत झालेल्या मनालाही दुःख होतेच. तुलियाच्या बापाला झाले. पण ओल धरलेल्या जमिनीत त्या दुःखातूनही काही उगवते.

रामकृष्ण हरी.