झिलईच्या आधीचे काम

आमच्या लहानपणी मुलुंडास, पावसाळा सरून दिवाळीची चाहूल लागली म्हणजे वाडीच्या तोंडाशी कल्हईवाला भाता मांडून बसत असे. घरोघरची तांब्यापितळेची भांडी त्याच्यापुढे येऊन पडत आणि आम्ही मुले त्याच्याभोवती कोंडाळे करीत असू. आमचे सारे लक्ष कथलाच्या कांडीकडे. तापल्या पातेल्यास कांडीचे टोक लागले, कापसाचा बोळा फिरला, की काळवंडलेल्या पोटातून एकाएकी रुपेरी उजेड फुटे. तेवढा क्षण पाहण्यासाठी आम्ही अर्धा अर्धा तास तिष्ठत असू. तो अर्धा तास कशात जात होता, हे मात्र आम्ही कधी पाहिले नाही. तो राखेने व वाळूने घासण्यात जात होता, निखाऱ्यांवर तापविण्यात जात होता, आणि नवसागराची पूड टाकून तांब्यावरचा काळा थर सोडविण्यात जात होता. जेथे चिकटा राहिला तेथे कथील धरत नसे. आणि आमची आजी पातेले उजेडात तिरपे धरून नेमका तोच डाग शोधून काढीत असे.

ही आठवण होण्यास गेल्या वर्षी एक निमित्त झाले. आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या तीन वर्षांच्या काळ्या मोटारीस उपनगरातील एका दुकानात ‘सिरॅमिक कोटिंग’ करून घेतले. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी परत आली. दिव्यांच्या प्रकाशात ती आरशासारखी दिसत होती. रविवारी ती उन्हात उभी राहिली आणि तिच्या सर्वांगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक वर्तुळाकार ओरखडे दिसू लागले. फडक्याने रोज पुसताना पडलेले हे ओरखडे आधीपासूनच होते; दुकानदाराने ते न काढता त्यांच्यावर काचेसारखा कठीण लेप चढविला होता. आता ते काढावयाचे तर आधी लेपच घासून काढणे भाग होते. स्नेही हळहळले. आम्हांस मात्र इतिहास शिकविणाऱ्याची जुनी खोड. वस्तूवर लेप देण्यापूर्वी माणसे काय काय करीत आली, हे शोधण्याच्या नादास आम्ही लागलो. त्यात जे हाती आले ते येथे मांडतो. थोडक्यात आमचे म्हणणे असे की, गेल्या शंभर वर्षांत प्रत्येक नव्या रोगणाने घासण्याचे कष्ट संपविण्याचे आश्वासन दिले. पण ते कष्ट संपले नाहीत. त्यांची जागा बदलली, हात बदलले, आणि अखेरीस त्यांची जातच बदलली.

मोटारीचा रंग हा घोड्याच्या गाडीच्या रंगाचा वारस होय. मुंबईच्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या धावलेल्या आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविलेल्या व्हिक्टोरिया आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिल्या असतील. त्यांचे उतारवयातील भडक रूप आपल्याला ठाऊक. परंतु एकोणिसाव्या शतकातील उत्तम बग्गी रंगविणे हे महिन्याभराचे काम असे. लाकडावर प्रथम सफेत्याचे व जवसाच्या तेलाचे अस्तर, मग भेगांत लांबी, मग मातकट भरणीची चार-सहा पुटे. ही भरणी वाळली की वजरीसारख्या सच्छिद्र प्युमिसच्या दगडाने, पाणी सोडीत सोडीत, पृष्ठभाग सपाट होईपर्यंत घासावयाची. त्यानंतर रंग, आणि रंगावर व्हार्निशची पुटे. प्रत्येक पूट वाळण्यास दिवस लागावयाचे आणि पुढच्या पुटापूर्वी पुन्हा घासावयाचे. अशा रीतीने पंधरा-वीस पुटे चढत. तयारी याचा अर्थ तेव्हा भर घालणे असा होता. कारागीर घासून जेवढे काढी त्याहून अधिक तो चढवीत जाई, आणि वस्तूचे अंग दिवसेंदिवस जाड होत जाई.

कारखान्यास ही चैन परवडणारी नव्हती. तासातासाला मोटार बाहेर पडावयाची आणि रंग वाळण्यास तीन आठवडे लागावयाचे, म्हणजे अर्धे गाव गोदामांनीच भरावे! हेन्री फोर्डने १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात विकली, ह्यामागे हीच अडचण होती. भट्टीत लवकर वाळणारे काळे रोगण स्वस्त आणि टिकाऊ होते. मग १९२३ साली अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीने ‘ड्युको’ नावाचे नायट्रोसेल्युलोजचे रोगण बाजारात आणले. ज्या द्रव्याच्या भाऊबंदांपासून तोफांची दारू बनते, त्यापासून मोटारींना नाना रंग मिळावे, ही महायुद्धोत्तर रसायनशास्त्राची एक मौज म्हटली पाहिजे. आठवड्यांचे काम तासांवर आले. पण ड्युको स्वभावतः निस्तेज वाळे. त्यास तकाकी आणण्यासाठी कारखान्यात माणसे रांगेने उभी राहून गाड्या घोटीत. दगड गेला, त्याच्या जागी लेप आणि लोकरीचे बोळे आले.

मुंबईत ह्या नव्या विद्येचा प्रवेश सुट्या भागांच्या पेट्यांबरोबर झाला. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीस गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. रंगाच्या धंद्यासही हेच शहर मायघर ठरले: पुढे नेरोलॅक म्हणून नावाजलेल्या कंपनीचा आरंभ १९२० साली लोअर परळास झाला, आणि युद्धकाळात आयात आखडली असता १९४२ साली चार मित्रांनी काढलेली एशियन पेंट्स पुढे भांडुपास कारखाना घालण्याइतकी वाढली. कुर्ला ते भांडुप हा आग्रा रोडचा तुकडा, आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, ह्या दृष्टीने पाहिला तर मराठी मुलखातील रोगणाचा राजमार्गच होता.

कुर्ल्याची फियाट, पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून मिरविलेली, हिने एक संपूर्ण कारागीरवर्ग पोसला. टॅक्सी म्हणून धावणाऱ्या काळ्यापिवळ्या गाडीस मुंबईचा पाऊस दर वर्षी खाई. चिखलपाट कुजत, दारांच्या कडा गळत. मग डेंटिंग-पेंटिंगवाला पत्रा ठोकून सरळ करी, लांबी भरी, वॉटरपेपर पाण्यात बुडवून तासन्‌तास घाशी आणि मग फवारा मारी. ओल्या हाताने घासावयाचे ते केवळ गुळगुळीतपणासाठी नव्हे. कोरडी धूळ छातीत जाऊ नये हाही त्यात लाभ होता. पुढे दोन द्रवांचे मिश्रण करून मारावयाची चकचकीत रोगणे आली. त्यांच्या कठीणकात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात व ती फवाऱ्यातून श्वासात गेल्यास दमा जडतो. नाकास नुसता रुमाल बांधून हे काम करणारी माणसे आम्ही स्वतः पाहिली आहेत. आपल्या गाडीच्या झिलईत कोणाचे फुप्फुस झिजले, हे बिलावर कोठेही लिहिलेले नसते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांनी गाडीचे मृत्युलेख लिहिले. घासणाऱ्यांविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

आता ह्या इतिहासातील खरी उलथापालथ सांगतो. अलीकडील चार दशकांत मोटारीचा रंग दोन थरांचा झाला: खाली रंगाचा पातळ थर, आणि वर बिनरंगी पारदर्शक थर, ज्यास कारागीर ‘क्लिअर’ म्हणतात. खालच्या पत्र्याची तयारी कारखान्यातील हौदांत होते. तेथे पत्रा धुतला जातो, त्यावर फॉस्फेटची खर चढते आणि विजेच्या साहाय्याने अस्तर बसते. मानवी हात तेथून बहुतेक उठला. उरली ती वरची काच, आणि तिची जाडी साधारणतः चाळीस-पन्नास मायक्रॉन. माणसाचा केसदेखील ह्याहून जाड असतो. ऊन, पाऊस आणि ओरखडे ह्यांपासून रंगाचे सारे संरक्षण एवढ्यात. गाडी घोटणे म्हणजे ह्याच थराचा अंश खरवडून काढणे होय. ओरखडा नाहीसा होतो तो भरला जाऊन नव्हे, तर त्याच्या भोवतीची पातळी त्याच्या तळापर्यंत उतरविली जाते म्हणून. बग्गीच्या रंगाऱ्याची तयारी भर घालणारी होती. आजची तयारी मुद्दल खर्चणारी आहे. हे मुद्दल कारखान्याने एकदाच दिले आहे, आणि ते पुन्हा मिळावयाचे नाही.

हे ध्यानी घेतले म्हणजे उपनगरातील कसबी माणूस पुसण्याआधी एवढा विचार का करतो ते कळते. आमच्या अंधेरी-बोरिवली, घाटकोपर-मुलुंडच्या गाड्यांवर काय बसलेले असते? पहिली गोष्ट म्हणजे लोखंड. मुंबईच्या लोकलगाड्या १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला आणि १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेवर धावू लागल्या; कोळशाचा धूर गेला, पण चाकांचा व ब्रेकांचा कीस उडावयाचा तो उडतोच. तो रुळांलगतच्या गाड्यांवर तापलेल्या स्थितीत बसतो, रुततो आणि पावसात गंजतो. त्यावर बांधकामांची सिमेंटयुक्त धूळ, वर्सोव्याकडील खारा वारा, फुटपाथावरील झाडांचा चीक, आणि कावळ्या-कबुतरांचा प्रसाद. पाण्याचीही गंमत पाहा: विहार, तुळशी, तानसा ह्या तलावांचे महापालिकेचे पाणी बरेचसे मऊ, पण सोसायटीची कूपनलिका किंवा टँकरचे पाणी जड निघाले, की उन्हात वाळलेल्या प्रत्येक थेंबाच्या जागी चुन्याचे पांढरे वर्तुळ उमटते.

म्हणून खरे काम असे चालते. दोन बादल्यांनी धुणे, एक साबणाची व एक हातमोजा खंगाळण्याची, म्हणजे काढलेली वाळू पुन्हा अंगावर जात नाही. मग लोखंड सोडविणारे द्रव्य फवारतात. ते किसास भिडले की पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. पाहणारा दचकतो. ह्याच कुळातील द्रव्य केस कुरळे करण्याच्या औषधात असते, आणि त्याची दुर्गंधीही तशीच. कल्हईवाल्याच्या नवसागराचे हे चुलतभावंड! त्यानंतर डांबर काढावयाचे, आणि जे बोटास अद्याप खरखरीत लागेल ते चिकणमातीसारख्या मऊ गोळ्याने, साबणाचे पाणी सोडून, हलकेच उचलावयाचे. ही मातीची युक्ती जपानातून आली. एवढे झाल्यावरच घोटण्याचे यंत्र हाती धरावयाचे. शेवटी स्पिरिटासारख्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्व पुसून काढावयाचे. कारण घोटण्याच्या लेपातील तेले ओरखड्यांत बसून त्यांना तात्पुरते लपवितात. अल्कोहोलचा हात फिरला की खोटेपणा उघडा पडतो. आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत हाच हात फिरला नसावा असा आमचा कयास आहे.

मग येतो तो लेप. तो वाळूच्या, म्हणजे सिलिकाच्या, कुळातील. वाळल्यावर उरतो तो जेमतेम एक-दोन मायक्रॉन. त्याच्या जाहिरातींत ‘नऊ एच’ काठिण्याचा डंका असतो. वाचकांनी भिऊ नये. हे माप हिऱ्यांचे नव्हे, शिसपेन्सिलींचे आहे, आणि सर्वांत कठीण पेन्सिलीवर ते संपते. लेपाने पाणी मोत्यासारखे ओघळते, धूळ सहज निघते, पाखरांच्या विष्ठेस थोडा काळ अडसर होतो. एवढे गुण खरे. हवेतील बाष्पाने तो आवळतो, म्हणून मुंबईच्या श्रावणात तो फार लवकर धरतो आणि पुसावयास क्षणभर उशीर झाला की डाग राहतात. जाणते लोक अशा दिवसांत बंद खोलीत, थोडाथोडा भाग घेऊनच हे काम करतात.

स्नेह्यांची गाडी अखेरीस आम्ही मुलुंडच्या एका लहान दुकानात नेली. तेथील चाचांनी उमेदीची तीस वर्षे कुर्ल्याच्या डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात काढली होती. त्यांनी प्रथम गाडी धुतली. मग हातात साधी प्लास्टिकची पिशवी घालून बोटे बॉनेटवरून फिरविली. पिशवीतून बारीकसारीक खरखर दुप्पट कळते. आम्हांसही त्यांनी तसे करावयास लावले, आणि वर्षानुवर्षे गुळगुळीत समजलेल्या पत्र्यावर आमच्या बोटांना चक्क रवा लागला.

मग जाडी मोजण्याचे यंत्र निघाले. छप्पर, दारे, डिकी ह्यांचे आकडे ते खडूने काचेवर लिहीत गेले. बॉनेटच्या डाव्या कडेशी येऊन ते थांबले, दोनदा मोजले, आणि मान हलविली.

“प्रोफेसरसाहेब, हितं आधीच कुणी तरी खूप घासलंय,” ते म्हणाले. “हा एक ओरखडा मी काढणार नाही.”

“पण उन्हात तो दिसेल ना?” स्नेह्यांनी विचारले.

“दिसू द्या. तो काढला तर रंग दिसेल, आणि मग त्यावर कुठलाच लेप चालत नाही.”

काम तीन दिवस चालले. गाडी परत आली तेव्हा जाळे गेले होते. आमच्या स्नेह्यांच्या पत्नींनी ती उन्हात उभी करवून चारी बाजूंनी फिरून पाहिली, अगदी आमची आजी पातेले पाही तशी. बॉनेटच्या डाव्या कडेस बोटभर लांबीचा तो ओरखडा होता. तो अजून तेथेच आहे.