नजर गेली तरी हाताला काम हवं

गावात एखाद्या बाईची नजर गेली की घरचे तिला जपायला लागतात. "तू बस गं, भाजशील, पडशील," असं मायेनंच म्हणतात. मग तिची चूल सुटते, शेताची वाट सुटते, एक दिवस गटाची बैठकही सुटते. आज आम्ही अशा माणसांचा इतिहास सांगणार आहोत, जी नजर गेल्यावर बसून राहिली नाहीत.

लुई ब्रेलचा जन्म १८०९चा, फ्रान्समधल्या खेड्यातला. वडील घोड्यांचा चामडी साज शिवायचे. तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात आरी घुसली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत त्याला बार्बिए नावाच्या लष्करी माणसानं काढलेली बारा ठिपक्यांची लिपी मिळाली. ती बोटाखाली मावत नव्हती. लुईनं पंधराव्या वर्षी ती सहा ठिपक्यांवर आणली. तीच आजची ब्रेल लिपी.

ही लिपी आपल्या पुणे जिल्ह्यातही आली. दुष्काळात पोळलेल्या बायकांना पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. त्यांत अंध बायकाही होत्या. रमाबाईंच्या लेकीनं, मनोरमाबाईंनी, स्वतः ब्रेल शिकून त्यांना वाचायला शिकवलं.

पण मोठेपणी डोळे गेले तर? लंडनचे आर्थर पिअर्सन वर्तमानपत्रांचे मालक होते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. १९१५ मध्ये त्यांनी युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. तिथं वाचनासोबत टोपल्या विणणं, बूट दुरुस्ती आणि कोंबडीपालनही शिकवायचे. होय, आपले गट करतात तेच कोंबडीपालन! तिथं शिकलेले न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेन्झी स्वतः युद्धात अंध झाले होते. त्यांनी १९४३ मध्ये डेहराडूनला अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी असंच केंद्र उभं केलं. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली.

पांढऱ्या काठीचंही तसंच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे जेम्स बिग्ज फोटोग्राफर होते. अपघातात दृष्टी गेल्यावर, गाडीवाल्यांना आपण दिसावं म्हणून १९२१ मध्ये त्यांनी आपली काठी पांढरी रंगवली.

मैत्रिणींनो, यातले बहुतेक जण स्वतः अंध झालेले होते. नेमकं काय अडतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आपणही आधी त्या बाईलाच विचारूया. एक मात्र, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेनं नजर परत येऊ शकते.

येत नसेल, तर मिठाची बरणी, तिखटाचा डबा रोज एकाच जागी ठेवा. जवळ जाताना आपलं नाव सांगा. तिचा हात धरून ओढू नका, तिला आपलं कोपर धरू द्या. बचतीचे पैसे तिलाच मोजू द्या. १९९६ पासूनच्या महात्मा गांधी मालिकेतल्या मोठ्या नोटांवर बोटाला लागतील अशा उठावाच्या खुणा आहेत. नोट जुनी झाली की त्या झिजतात, म्हणून तिला जरा नवी नोट द्या.

शेंगा फोडणं, लसूण सोलणं, पापड लाटणं, ही कामं हाताच्या सवयीची आहेत. सराव झाला की ती पुन्हा जमतात. आधी सांडेल, वेळ लागेल. तेवढा वेळ आपण द्यायचा. येत्या बैठकीला तिला घेऊन या आणि हजेरीत तिचं नाव पुकारा.