गिफ्ट कार्डाचे पैसे नेमके कोणाचे?

सणासुदीच्या दिवसांत एखाद्या दुकानातून हजार रुपयांचे गिफ्ट कार्ड विकत घेतले जाते, तेव्हा पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात जमा होतात. विक्री मात्र झालेली नसते. या मधल्या काळात ती रक्कम कोणाची आणि तिच्यावरील कर कधी द्यायचा, हा प्रश्न बंगळुरूच्या प्रीमियर सेल्स प्रमोशन या कंपनीने कर्नाटक उच्च न्यायालयात नेला होता.

ही कंपनी गिफ्ट व्हाउचर विकत घेऊन अन्य कंपन्यांना पुरवते आणि त्या कंपन्या ती आपल्या कर्मचाऱ्यांना किंवा ग्राहकांना भेट देतात. व्हाउचर ही वस्तूच असून त्यांच्या पुरवठ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, असा निर्णय कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०२१ मध्ये दिला होता. अपिलातही तो कायम राहिला. याचा अर्थ, व्हाउचरवर एकदा कर आणि त्याच व्हाउचरने साडी घेतली की साडीवर पुन्हा कर!

उच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०२३ रोजी हे निर्णय रद्द ठरविले. व्हाउचरला स्वतःचे असे मूल्य नसते. ते पुढे मिळणाऱ्या वस्तू वा सेवेच्या मोबदल्याचे केवळ साधन आहे, असे न्यायालयाचे मत पडले. त्यासाठी आधार मिळाला तो महाराष्ट्रातील एका जुन्या वादाचा. सोडेक्सो कंपनीची जेवणाची कूपने ‘वस्तू’ नसल्याने त्यांच्यावर जकात किंवा स्थानिक संस्था कर आकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून दिला होता.

जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील बैठकीत हीच भूमिका स्वीकारली. त्यानंतरच्या परिपत्रकानुसार व्हाउचरच्या खरेदी-विक्रीवर आणि न वापरलेल्या व्हाउचरच्या रकमेवर हा कर नाही. मात्र दलालीवर व्हाउचर विकणाऱ्याला दलालीच्या रकमेवर कर भरावा लागतो. ग्राहक कार्ड वापरून खरेदी करतो, तेव्हा वस्तूवरील कर नेहमीप्रमाणे लागतोच.

जमाखर्चातील नोंद

लेखापालाचे तर्कशास्त्रही न्यायालयासारखेच आहे. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकानुसार कार्डाची रक्कम उत्पन्नात न दाखवता देणे म्हणून दाखवावी लागते. माल ग्राहकाच्या हाती पडला की तेवढी रक्कम उत्पन्नात जाते.

काही कार्डे मात्र कपाटातच राहतात. समजा, एक लाख रुपयांची कार्डे विकली गेली आणि पूर्वानुभवावरून त्यांतील दहा हजारांची कधीच वापरली जाणार नाहीत, असा भरवशाचा अंदाज आहे. वर्षभरात ४५ हजारांची खरेदी झाली, म्हणजे अपेक्षित ९० हजारांपैकी निम्मी. तेव्हा न वापरल्या जाणाऱ्या दहा हजारांपैकीही निम्मे, म्हणजे पाच हजार, त्याच वर्षी उत्पन्नात घेता येतात. असा अंदाज बांधता येत नसेल, तर वापराची शक्यता जवळजवळ संपेपर्यंत थांबावे लागते. विसराळू ग्राहक दुकानदाराच्या नफ्यात भर घालतो, हे यावरून ध्यानात यावे.

ग्राहकाचे संरक्षण

येथे कार्डाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. अनेक दुकानांत चालणारी प्रीपेड कार्डे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत येतात. बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार अशा गिफ्ट कार्डाची कमाल मर्यादा दहा हजार रुपये असून त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत की रोख काढता येत नाही. वैधता किमान एक वर्षाची असावी आणि ती संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सूचना मिळावी, असे बंधन आहे. बँक नसलेल्या कंपनीला उरलेली रक्कम मुदत संपल्यानंतर किमान तीन वर्षे नफ्यात वळविता येत नाही. ग्राहकाने नंतर मागणी केल्यास ती त्याच्या बँक खात्यात परत करावी लागते.

एकाच व्यापाऱ्याने केवळ स्वतःच्या दुकानासाठी काढलेल्या कार्डाला हे संरक्षण नाही; अशा कार्डांना रिझर्व्ह बँकेची परवानगीही लागत नाही. तेथे कार्डावरील अटीच निर्णायक ठरतात, आणि त्या बहुधा बारीक अक्षरांत मागील बाजूस छापलेल्या असतात. त्या अन्यायकारक वाटल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते.