ॲमस्टरडॅमचे कालवे आणि वेंगुर्ल्याची वखार

मराठीत ‘कालवा’ म्हटलं की धरणातून निघून उसाच्या शेतात शिरणारं पाणी डोळ्यांसमोर येतं. आमच्या कोकणात त्याच्याशी मिळताजुळता शब्द आहे ‘कालवं’, पण ती खडकाला चिकटलेली, फोडून खायची. त्यामुळे ‘कालव्यांचं शहर’ ही कल्पनाच आपल्याकडे जरा परकी. पाणी शेताला देण्यासाठी नाही, दारात माल उतरवण्यासाठी आणायचं, आणि त्यासाठी अख्खं शहर खणून काढायचं, हे ॲमस्टरडॅममध्ये पाहीपर्यंत मला नीट उमगलं नव्हतं.

मी जर्मनीत शिकत असताना तीन दिवसांसाठी तिथे गेले. इन्स्टाग्रामवर दिसतं ते सगळं तिथे खरंच आहे: उंच सडपातळ घरं, कमानदार पूल, कठड्यांना साखळीने बांधलेल्या सायकली. पण मी मूळची वेंगुर्ल्याची. आमच्या गावात डचांच्या वखारीचे अवशेष आहेत. छप्पर गेलेलं, भिंतींमधून झाडं वर आलेली. लहानपणी त्या भिंतींबद्दल ‘डचांची वखार’ यापलीकडे कुणी काही सांगितलं नाही. डच कोण, कुठून आले, इथे कशाला आले? ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकडे मी याच प्रश्नाच्या वाटेने पाहत होते. हा लेखही त्याच वाटेने जातो.

धरणापासून सुरुवात

शहराचं नावच त्याचा इतिहास सांगतं. आम्स्टेल नदीवर बांधलेला बांध, म्हणजे ‘डॅम’. १२७५ साली इथल्या रहिवाशांना जकातीतून सूट देणारा एक कागद निघाला, आणि त्यात या वस्तीचा पहिला लेखी उल्लेख सापडतो. म्हणजे या गावाची पहिली नोंदच कराची आहे! पुढे जे घडलं ते पाहता हे शोभून दिसतं.

ज्या जागी बांध होता तिथे आज डॅम चौक आहे. कबुतरं, ट्राम, सेल्फी काढणारे आपण सगळे. चौकाच्या एका बाजूला राजवाडा आहे, पण तो राजासाठी बांधलेला नव्हता. १६४८ मध्ये त्याचं काम सुरू झालं ते नगरपालिकेची इमारत म्हणून. राजवाडा तो झाला १८०८ साली, नेपोलियनच्या भावाच्या काळात. ज्या काळात बाकीचा युरोप राजांसाठी महाल बांधत होता, त्या काळात इथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या शहरासाठी महाल बांधला.

ही अवाढव्य दगडी इमारत चिखलावर उभी आहे. खाली १३,६५९ लाकडी खांब ठोकलेले आहेत. हा आकडा लक्षात ठेवायची तिथल्या शाळकरी मुलांची युक्ती मला फार आवडली: वर्षाचे दिवस ३६५, त्याच्या आधी १ आणि शेवटी ९. शहराचा सगळा जुना भाग असाच उभा आहे. वरचा थर दलदलीचा, घट्ट वाळू लागते ती बारा-तेरा मीटर खाली. तिथवर झाडांची खोडं ठोकायची आणि त्यांवर घर उभं करायचं. लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेपर्यंत शतकानुशतकं टिकतं. पाण्याची पातळी खाली गेली आणि त्याला हवा लागली की कुजायला लागतं. म्हणून इथे पाण्याची पातळी सांभाळणं म्हणजे घरांचा पाया सांभाळणं.

वाड्याच्या मागच्या बाजूला मान वर करून पाहा. तिथल्या त्रिकोणी शिल्पपट्टीत शहर एका स्त्रीच्या रूपात बसलं आहे आणि जगाचे चार खंड तिच्यासमोर आपापला माल आणून ठेवत आहेत. आत गेलात तर मुख्य दालनाच्या संगमरवरी जमिनीत जगाचे नकाशे जडवलेले आहेत. जगाच्या नकाशावर पाय देऊन चालायचं, अशी ती रचना. आत्मविश्वास म्हणा की गुर्मी, जे म्हणायचं ते दगडात कोरून ठेवलं आहे.

तीन कालवे, एक यंत्र

१५८५ मध्ये स्पॅनिश फौजांनी अँटवर्प जिंकलं आणि तिथले व्यापारी, कारागीर, पैसा मोठ्या प्रमाणावर उत्तरेकडे आला. तीसेक हजार वस्तीचं ॲमस्टरडॅम १६२२ पर्यंत एक लाखाच्या पुढे गेलं. गाव फुगलं की आपल्याकडे काय होतं हे आपण जाणतो. आधी घरं होतात, मग रस्ता शोधला जातो. इथे उलट झालं. १६१३ पासून जुन्या शहराभोवती अर्धवर्तुळात तीन कालवे खणायला घेतले: हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त. म्हणजे सरदारांचा, सम्राटाचा आणि राजपुत्राचा. २०१० मध्ये युनेस्कोने हा पट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

पण हा पट्टा सुंदर दिसावा म्हणून खणलेला नाही. एकाच खोदकामात तीन गोष्टी साधल्या. दलदलीतलं पाणी निघालं, खणलेल्या मातीने आजूबाजूची जमीन उंच झाली, आणि जहाजांमधून उतरवलेला माल छोट्या होड्यांनी थेट गोदामाच्या दारात जाऊ लागला. काठ मर्यादित म्हणून पाण्याला लागून असलेली जागा सोन्याच्या मोलाची. त्यामुळे घरं समोरून अरुंद आणि मागे खोल. प्रत्येक घराच्या कपाळावर एक तुळई बाहेर आलेली आणि तिला आकडा. आतला जिना इतका चिंचोळा आणि उभा की कपाटसुद्धा वर जाणार नाही. म्हणून दोर लावून सामान बाहेरून ओढायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं. भिंतीवर आपटू नये म्हणून अनेक घरांचा दर्शनी भाग मुद्दाम पुढे झुकवलेला आहे. आजही घर बदलताना त्या आकड्यांचा उपयोग होतो. फोटोत जे ‘क्यूट’ दिसतं, ती मुळात क्रेन आहे.

आणि हे नियोजन सगळ्यांसाठी सारखं नव्हतं. मुख्य कालव्यांच्या काठी घाण आणि आवाज करणाऱ्या धंद्यांना मनाई होती. कारागीर आणि गरीब राहिले पलीकडच्या योर्दान भागात. तिथले रस्ते कालव्यांशी जुळत नाहीत, कारण ते शेतातल्या जुन्या चरांवरच आखले गेले. नकाशा उघडून पाहा. रेषा जिथे अचानक तिरक्या होतात, तिथे श्रीमंती संपलेली असते. आज योर्दानमध्ये कॅफे आहेत आणि भाडं डोळे पांढरे करणारं आहे, ही त्यावरची कडी.

पैसा कुठून आला

२० मार्च १६०२ रोजी डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या सनदेत म्हटलं होतं की देशातला कुणीही रहिवासी भाग घेऊ शकतो. ॲमस्टरडॅममध्ये नोंदवही ठेवली होती दिर्क व्हॅन ओस या व्यापाऱ्याच्या घरी. त्या वहीतली अगदी शेवटची नोंद आहे त्याच घरातल्या मोलकरणीची. नेल्टखेन कोर्नेलिस, १०० गिल्डर. तिच्यासाठी ती रक्कम लहान नव्हती. शेअरबाजाराचा इतिहास इथून सुरू होतो असं आपण वाचतो, पण त्या वहीच्या शेवटच्या ओळीत एक कामवाली बाई आहे हे मला जास्त जवळचं वाटलं.

तिचे पैसे जहाजांवर बसून गेले कुठे? मसाल्यांकडे. आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं तेव्हा जगातल्या जायफळाचं एकमेव ठिकाण होती. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून याने मक्तेदारीसाठी ती बेटं अक्षरशः रिकामी केली. सुमारे १५,००० वस्तीपैकी हजारभर लोक उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. मग त्या बागांमध्ये गुलामांना राबवलं गेलं. आपल्या श्रीखंडात पडणाऱ्या चिमूटभर जायफळामागे हा इतिहास आहे.

आणि त्याच साखळीतला एक दुवा म्हणजे वेंगुर्लं. पोर्तुगीजांची नाकेबंदी करण्यासाठी डच आरमार गोव्यासमोर ठाण मांडून बसे. त्याला जवळचा आसरा हवा होता, अन्नपाणी हवं होतं. म्हणून १६३७ मध्ये, आदिलशाहीच्या मुलखात, गोव्याच्या अगदी डोक्यावर वखार आली. तिथून माल जाई, तशा बातम्याही जात. विजापुरात काय शिजतंय, शिवाजी महाराजांचं सैन्य कुठे सरकतंय, हे वेंगुर्ल्याचे डच कारकून लिहून कळवत. ते कागद आज हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी इंग्रजीत शिवचरित्र लिहिताना डच कागदपत्रांचा उपयोग केला होता. म्हणजे आमच्या गावाबद्दल आम्हाला न सांगितलेलं बरंच काही तिथे फडताळात, नीट क्रमांक लावून ठेवलेलं आहे.

कंपनीचं ॲमस्टरडॅममधलं मुख्यालय आऊडे होखस्ट्राट या गल्लीत आहे. आता तिथे विद्यापीठ भरतं. मी गेले तेव्हा चौकात मुलं सँडविच खात बसली होती, कुणी लॅपटॉप उघडून. वेंगुर्ल्याहून निघालेल्या पत्रांचा अखेरचा मुक्काम अशाच इमारतींमध्ये. मला राग यायला हवा होता का? आला नाही. पण त्या घरांकडे नुसतं ‘किती सुंदर’ म्हणून पाहणंही त्यानंतर जमलं नाही.

मागचं घर

प्रिन्सेनग्राख्त २६३ इथे आधी तिकीट काढल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. ॲन फ्रँकचं घर. डायरी आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलेली असते. पण ती लपण्याची जागा का शक्य झाली, हे कालव्यांच्या घरांची रचना कळल्यावर उलगडतं. समोरून अरुंद, मागे खोल. त्यामुळे पुढच्या इमारतीच्या पाठीला जोडलेलं ‘मागचं घर’. रस्त्यावरून ते दिसतच नाही. मालासाठी आखलेल्या या रचनेने जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत माणसांना लपवलं. आठ जणांपैकी एकटे ओटो फ्रँक परत आले. शहरातच वेस्परस्ट्राटवर २०२१ मध्ये उघडलेलं स्मारक आहे. तिथे १,०२,००० हून अधिक नावं, एकेका विटेवर एकेक. ॲन फ्रँकच्या घरासमोर रांग असते, इथे फारशी नसते. वेळ काढून जा.

पाणी कसं वाचलं

हे कालवे आपोआप टिकले असं समजू नका. शतकानुशतकं ते शहराचं गटार होते. एकोणिसाव्या शतकात अनेक कालवे बुजवले. १९५४ मध्ये तर शहराच्या पोलीसप्रमुखांनीच, मोटारींना वाट मिळावी म्हणून आणखी कालवे बुजवायची योजना मांडली होती. विरोध झाला आणि ती बारगळली. सत्तरच्या दशकात लोक रस्त्यावर उतरले, मुलांच्या अपघाती मृत्यूंविरुद्ध आणि मेट्रोसाठी घरं पाडण्याविरुद्ध. आज जे सायकलींचं शहर आपण पाहतो, ते त्या भांडणांमधून मिळवलेलं आहे. नाले बुजवून रस्ते करणाऱ्या आपल्या शहरांनी हे वाचावं.

लढाई अजून चालूच आहे. घोडागाडीसाठी बांधलेल्या काठांवरून आता ट्रक जातात. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रिमबुर्गवाल इथली काठाची भिंत कालव्यात कोसळली. सुमारे २०० किलोमीटर काठभिंतींची तपासणी आणि दुरुस्ती शहरासमोर आहे. जागोजागी आधाराला ठोकलेले लोखंडी पत्रे दिसतात. फोटो काढताना आपण ते चौकटीबाहेर ठेवतो.

शहर आपला दुसरा पायाही तपासतंय. हेरेनग्राख्त ५०२ हे महापौरांचं अधिकृत निवासस्थान. १६७२ मध्ये ते बांधलं गेलं पाउलस गोडिनसाठी, ज्याचा गुलामांच्या व्यापाराशी संबंध होता. आज तिथली पाटी हे सांगते. २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम म्युझियमने ‘सुवर्णयुग’ हा शब्द वापरायचं थांबवलं, कारण ते युग सगळ्यांसाठी सोन्याचं नव्हतं. १ जुलै २०२१ रोजी महापौर फेम्के हाल्सेमा यांनी गुलामगिरीतल्या शहराच्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली. माफीने बांदाची माणसं परत येत नाहीत. पण पाटी लागते, मुलं वाचतात, प्रश्न विचारतात.

तुम्ही गेलात तर बोटीची फेरी जरूर घ्या, पण एक सकाळ पायी हिंडा. हेरेनग्राख्तपासून सुरुवात करून योर्दानपर्यंत, तुळयांचे आकडे बघत. घराच्या मालकाचा पैसा कुठल्या समुद्रातून आला असेल, हे विचारत चाला. सौंदर्य त्याने कमी होत नाही.

आणि परत आल्यावर कधी वेंगुर्ल्याला या. वखारीची वाट कुणीही दाखवेल. त्या पडक्या भिंतीवर एक पाटी लावायची ठरली, तर तिच्यावर डचांबद्दल चार ओळी लिहिणं सोपं आहे. त्यांना पाणी भरून देणारे, माल वाहणारे, त्यांच्यासाठी दुभाष्याचं काम करणारे आपले लोक कोण होते, ही पाचवी ओळ कुणी लिहायची, हा प्रश्न आपला आहे.