पाव खाणारे शूर पुरुष

न्यूयॉर्कमध्ये एका सँडविचला चक्क ‘हीरो’ म्हणतात. हातभर लांबीचा इटालियन पाव मधोमध चिरायचा आणि त्यात मांसाचे काप, चीज, टोमॅटो, मिरच्या, वर तेलाची धार असं हाताला लागेल ते कोंबायचं. हे प्रकरण संपवायला माणूस हीरोच हवा, म्हणून ते नाव. १९३६ साली वर्तमानपत्रात खाण्यापिण्यावर लिहिणाऱ्या क्लेमेंटाइन पॅडलफर्ड नावाच्या बाईंना या बारशाचं श्रेय देतात.

आमचा भाचा नोकरीनिमित्त तिकडे असतो. तो सांगत होता, “मामा, शहरातला बेस्ट हीरो कुठला, यावरून तिथं मित्रामित्रांत अबोला होतो.” मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या मालाडला वडापाववरून व्याही-व्याह्यांत अबोला झालेला मी पाहिलाय. दादरचा माणूस कीर्ती कॉलेजजवळच्या वड्याचं आणि त्याबरोबरच्या चुऱ्याचं नाव घेतो. पार्लेकर मिठीबाई कॉलेजकडे बोट दाखवतो. कल्याणचा खिडकी वड्याच्या गोष्टी सांगतो, आणि पुण्याला जाऊन-येऊन असलेला गृहस्थ कर्जत स्टेशनावरच्या दिवाडकरांच्या वड्यापुढं बाकीच्यांना उभंच करत नाही. प्रत्येकाचा सर्वोत्तम वडापाव, बघा, तो जिथं भुकेला असताना गाडीतून उतरला त्या स्टेशनाबाहेर असतो.

पण ‘हीरो’ हे नाव खरं शोभतं ते आपल्याकडे. मोठा घास घ्यायला कसलं आलंय शौर्य? नुसता पाव तोंडात घालायला शौर्य लागावं, असा काळ या मुंबईनं पाहिलाय.

पाव पोर्तुगीजांनी आणला. शब्दही त्यांचाच. पायानं तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती आमच्या आजीची. ती पाव घराबाहेर ठेवण्यासाठी तयार केलेली होती आणि त्या कामी उत्तम चालली. गोव्यात कणीक फुगवायला ताडी-माडी घालत, म्हणजे आणखी एक पाप. वसईकडे तर पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जात. विहिरीतल्या पाण्यानं धर्म बुडे, मग प्रत्यक्ष पाव खाणाऱ्याचं काय?

त्याचं उत्तर १८४९ साली मिळालं. मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी निघाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे पुढारी. जातिभेद मोडायचा हा हेतू, आणि सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवायचा ही परीक्षा. दारं लावून खायचा, हे सांगायला नको. १८६० साली सभासदांच्या नावांची यादीच चोरीला गेली आणि नावं फुटण्याच्या धास्तीनं सभा मोडली. विचार करा, आज आपण प्लॅटफॉर्मवर शंभर माणसांदेखत जे करतो, ते करणाऱ्या सुशिक्षितांना यादी फुटली म्हणून घाम फुटला होता! पुढं १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसारख्यांनी चहा-बिस्किटांचं आमंत्रण घेतलं, तेव्हा प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. बिस्किट म्हणजे पावाचंच धाकटं भावंड.

गंमत बटाट्याची. तोही परका, त्याचं नावही पोर्तुगीजांकडूनच आलेलं. मिरचीसुद्धा अमेरिकेची. पण हे दोघे गुपचूप मागल्या दारानं स्वयंपाकघरात शिरले आणि थेट उपासाला बसले! एकादशीला बटाटा चालतो, पाव चालत नाही. एकाच जहाजातून उतरलेल्या पाहुण्यांत एवढा पंक्तिभेद कुठं झाला नसेल.

त्यांची पुन्हा गाठ पडायला १९६६ साल उजाडावं लागलं. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य बटाटेवडे विकत. शेजारच्या ऑम्लेट-पाववाल्याकडचा पाव घेऊन त्यांनी वडा त्यात घातला, असं सांगतात. काही जण सुधाकर म्हात्रे यांचंही नाव घेतात. श्रेय कुणाचंही असो, शोध गिरणीच्या भोंग्यातून आणि लोकलच्या वेळापत्रकातून लागला. पाळी सुटलेल्या माणसाला ताटली नको, बाकडं नको, थांबायला वेळ नाही. एका हातात मावेल आणि दुसऱ्या हातानं गाडीचा दांडा धरता येईल, असं जेवण हवं होतं.

आणि मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या संपात अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. बहुतेकांना परत आत जाता आलंच नाही. गावी परतले ते परतले. उरलेल्यांपैकी कित्येकांनी स्टोव्ह, कढई आणि झारा घेऊन नाक्यावर गाडी लावली. जो वडापाव ते विकत घेऊन खात होते, तोच आता विकायला लागले. न्यू ऑर्लिन्समध्ये १९२९ साली ट्रामवाल्यांचा संप झाला, तेव्हा मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना फुकट सँडविचं वाटली. हे बंधू पूर्वी ट्रामवरच नोकरीला होते. त्या सँडविचला ‘पुअर बॉय’ नाव पडलं, गरीब पोरगा. तिकडं संपकऱ्यांना सँडविच मिळालं, इकडं संपकऱ्यांनीच ते करून शहराला घातलं. मला विचाराल तर आपलं पारडं जड आहे.

मालाडचं या इतिहासातलं पान जरा उशिरा येतं. २००१ साली मालाड स्टेशनाबाहेर ‘जंबोकिंग’चं पहिलं दुकान उघडलं आणि वडापावला गणवेश, पाटी, कागदी वेष्टन मिळालं. वडा आकारानं वाढला. आमच्या सौ.नं तो एकदा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “वडा बरा आहे, पण ओरडणारा माणूस कुठाय?” तिचा मुद्दा बिनतोड होता. वडापावमध्ये “सुकी जास्त घाला हो!” हे ओरडणं अर्धी चव असते.

ओरडायला आम्ही जातो ती गाडी बाजाराकडच्या गल्लीत आहे. गाडीवाल्याचे वडील लोअर परळला साच्यावर होते. संप फसल्यावर त्यांनी ही गाडी लावली, आता मुलगा चालवतो. एकदा मी त्याला न्यूयॉर्कच्या हीरोची गोष्ट सांगितली. हातभर पाव ऐकून तो थबकला. “काका, एवढा पाव? मग चटणी किती लागत असंल!” म्हणाला, आणि घाण्यातला वडा झाऱ्यानं काढून माझ्या पावात दाबला. मिरची न मागता दोन.