आषाढाचा वारा समुद्रात काय करतो?



पंढरपूरच्या घाटावर उभे राहून ज्यांनी भीमेचा पूर पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. गावात धड सडासुद्धा पडलेला नसतो, आणि तरी चंद्रभागा पायऱ्या चढू लागते. पाऊस पडलेला असतो तिकडे सह्याद्रीवर, भीमाशंकराच्या अंगाला. आता मध्ये उजनीचे धरण आहे, पाणी अडते, सुटते. पण मूळ तेच. नैर्ऋत्येचा वारा ते पाणी अरबी समुद्रावरून आणतो, हे शाळकरी पोरही सांगेल. पण वाटेत हा वारा समुद्राचे काय करतो?

आपल्याला वाटते, वारा जिकडे, पाणीही तिकडेच. तसे होत नाही बरं का! नॉर्वेच्या नान्सेनने १८९३ साली आपले ‘फ्राम’ जहाज उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात मुद्दाम अडकवून घेतले. बर्फाबरोबर वाहत जाताना त्याच्या ध्यानात आले, की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता वीस ते चाळीस अंश उजवीकडे सरकतो. त्याचे गणित एकमन या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने सोडवले आणि १९०५ साली ते सविस्तर मांडले. कारण पृथ्वीचे फिरणे. पाण्याचा प्रत्येक खालचा थर आणखी उजवीकडे वळतो, आणि साऱ्यांची गोळाबेरीज केली तर उत्तर गोलार्धात पाणी वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे जाते. गुरुजींनी वर्गात पुठ्ठ्याची चकती खिळ्यावर घड्याळाच्या उलट फिरवावी, आणि स्थिर धरलेल्या पट्टीच्या कडेने मध्यापासून बाहेर खडूची रेघ ओढावी. रेघ उजवीकडे वळलेली उमटेल.

आता नकाशा घ्या. आफ्रिकेतल्या सोमालियाचा किनारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे गेला आहे. पावसाळी वारा त्याला समांतर वाहतो, आणि वाऱ्याच्या उजव्या हाताला असतो मोकळा समुद्र. वरचे पाणी किनारा सोडून आत जाते. रिकामी जागा भरायला खालचे गार पाणी वर येते. उष्ण कटिबंधातला समुद्र, पण ऐन पावसाळ्यात तिथले पाणी काही जागी वीस अंशांच्याही खाली उतरते! आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही हेच घडते, पण सौम्यपणे. केरळात जोर अधिक, कोकणाकडे येता येता तो ओसरतो.

शेतकरी मंडळींना यात नवल वाटू नये. ही समुद्राची खोल नांगरटच आहे. मेलेले जीव खाली जातात, त्यांच्यातले नत्र आणि स्फुरद अंधारात पडून राहते. ते वर आले, त्याला ऊन मिळाले, की डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती फोफावतात, आणि त्यांच्यावर तारली आणि बांगडा पोसतो.

हे नीट मोजले गेले ते १९६० ते १९६५ च्या सुमारास, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. अनेक देशांची जहाजे आली होती. आपल्या नौदलाचे ‘किस्तना’ही त्यांत होते. किस्तना म्हणजे इंग्रजांच्या जिभेवरची कृष्णा. आपली भीमा जिला मिळते, तीच! या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात, दोनापावलाला आहे.

पण खालचे पाणी खताबरोबर एक दोषही आणते. त्यात प्राणवायू नसल्यात जमा असतो. याच संस्थेतील डॉ. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले, की पश्चिम किनाऱ्यालगत ही टंचाई वाढते आहे. जमिनीवरून वाहून येणारे नत्र याला हातभार लावत असावे, असे त्यांचे म्हणणे. आपली भीमा पूर्वेला वळली, म्हणून पंढरपूरकर यातून सुटले, असे कुणी म्हणेल. बंगालच्या उपसागराला विचारायला हवे.

आणि पावसाचे काय? गार पाण्याची वाफ कमी होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की उन्हाळ्याच्या अखेरीस सोमालिया-ओमानजवळ गार पाणी कमी वर आले, तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढतो. म्हणजे सह्याद्रीवरून भीमेत किती पाणी उतरेल, याचा थोडासा हिशेब मे महिन्यातच आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरू झालेला असतो. म्हणूनच पावसाचा अंदाज बांधताना वेधशाळा आता आभाळाइतकेच समुद्राच्या तापमानाकडेही पाहते.