कुंपणाची निवड

घर बांधून झाले, पुढे-मागे थोडी जागा उरली आणि तीत चार फुलझाडे लावली, की गृहस्थापुढे प्रश्न उभा राहतो तो कुंपणाचा. खजराना हे इंदूरच्या पूर्वेचे जुने खेडे. तेथील गणपतीच्या देवळामुळे आणि नाहरशाह वलींच्या दर्ग्यामुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक झाले आहे. इंदूर शहर वाढत वाढत त्याच्या पलीकडे गेले आणि खजराना शहराच्या पोटात आले. शेताभोवतीच्या ज्या काटेरी कुंपणाला आपण वई म्हणतो आणि माळव्यातला शेतकरी बागड म्हणतो, तिची जागा बहुतेक ठिकाणी विटांच्या भिंतींनी आणि तारेने घेतली. तरीही ज्याला घराभोवती हिरवी वई हवी, त्याला रोपे निवडावीच लागतात. ही निवड वरवर पाहता हौसेची वाटते. इतिहासाकडे पाहिले म्हणजे मात्र तिचे फळ लावणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याला आणि पुढच्या पिढ्यांनाच अधिक भोगावे लागले आहे, असे दिसून येते.

कुंपणाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शेताच्या कुंपणाविषयी नियम सांगितला आहे. वई इतकी उंच असावी की उंटालाही तिच्यावरून पलीकडचे पीक दिसू नये, आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल एवढे भोकही तीत राहू देऊ नये. त्याच अध्यायात गावाच्या शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर, ताड, शमी, वेळूची बेटे अशी झाडे लावावीत, असे सांगितले आहे. माणसे मरतात, साक्षीदार पालटतात. झाड मात्र जागा सोडीत नाही. कुंपण म्हणजे केवळ अडथळा नव्हे, तर दोन शेजाऱ्यांमधील कराराची ती जिवंत खूण आहे, हा त्यातला आशय.

पुढे राजांनी ह्या खुणेचे हत्यार केले. दक्षिणेत किल्ल्यांच्या आणि शहरांच्या बाहेर काटेरी झाडांचे दाट पट्टे राखण्याची चाल होती. श्रीरंगपट्टणाभोवती टिपूचा असाच एक पट्टा होता. १७९२ सालच्या फेब्रुवारीत कॉर्नवॉलिसच्या फौजेने रात्रीच्या अंधारात हल्ला केला, तो प्रथम ह्या कुंपणावर. त्या वेळी मराठ्यांच्या वतीने हरिपंत फडके दोस्तांच्या छावणीत होते. तोफेचा गोळा दगडी तटाला भगदाड पाडतो, परंतु पसरलेल्या काटेरी जाळीत तो वाया जातो. म्हणून अशा कुंपणांची किंमत सेनापती जाणून असत.

परंतु हिंदुस्थानच्या इतिहासातील सर्वांत मोठे कुंपण शत्रूविरुद्ध उभारलेले नव्हते. ते मिठाविरुद्ध होते. इंग्रजी अमलाने मिठावर जबर कर बसविला. उत्तरेत तो एके काळी मणामागे तीन रुपयांपर्यंत गेला. राजपुतान्यातील सांभर सरोवराचे स्वस्त मीठ संस्थानांतून इंग्रजी मुलखात चोरून येऊ नये, म्हणून जकातीची एक लांबच लांब रेषा आखण्यात आली. सिंधू नदीपासून निघून दिल्ली, आग्रा, झांशी, सागर, होशंगाबाद, खांडवा अशा भागांतून ती बऱ्हाणपुरापर्यंत आली होती. तेथून पूर्वेकडेही तिचा फाटा गेला. आपल्या इंदूरपासून खांडवा काही फार दूर नाही. म्हणजे ही रेषा माळव्याच्या उंबरठ्यावरूनच गेली होती.

आरंभी ह्या रेषेवर वाळलेल्या काट्यांचे कुंपण घालीत. एका मैलाला सुमारे अडीचशे टन काटेरी फांद्या लागत आणि त्या दुरून वाहून आणाव्या लागत. शिवाय वाळवी लागे, वणवा पेटे, वावटळीत कुंपण उडून जाई. १८६७ पासून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्या खात्याचे प्रमुख होते. पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच. पक्ष्यांचे आणि वनस्पतींचे त्यांना वेड होते. मृत कुंपणापेक्षा जिवंत कुंपण स्वस्त पडेल, हे ओळखून त्यांनी ठिकठिकाणच्या काटेरी झुडपांचे प्रयोग केले. जमीन वाईट असेल तेथे चांगली माती आणून घातली, सखल जागी बांध घातले, पाण्यासाठी विहिरी खणल्या. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर ही झाडे त्या त्या मातीप्रमाणे आणि पावसाप्रमाणे निवडली गेली. १८७८ पर्यंत चारशे मैलांहून अधिक लांबीचे उत्तम हिरवे कुंपण तयार झाले होते. काही ठिकाणी त्याची उंची दहा ते चौदा फूट आणि जाडी सहा ते बारा फूट होती.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे काम विलक्षण होते. एवढ्या मोठ्या मुलखात एकच झाड सर्वत्र चालत नाही, हा धडा त्यातून मिळतो. परंतु झाडे कितीही कौशल्याने निवडली, तरी ज्या हेतूने ती लावली तो हेतू गरिबाच्या तोंडचे मीठ महाग करण्याचा होता. मिठाच्या दरांतील तफावत कमी झाल्यावर १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा बंद करण्यात आली. पहारा उठला आणि कुंपण लोकांच्या स्मृतीतूनही नाहीसे झाले. रॉय मॉक्सहॅम ह्या इंग्रज लेखकाने शोध घेऊन २००१ साली त्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा पुष्कळांना ते प्रथमच कळले.

ते कुंपण लोपले. दुसरी काही कुंपणे मात्र लोपण्यास तयार नाहीत. निवडुंग मूळचा अमेरिकेतला. त्याचे एक पान मोडून मातीत खोवले की रोप उभे राहते आणि ढोरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून तो कुंपणाला सोयीचा वाटला. पुढे त्याने गावठाणे आणि गायराने व्यापली. १७९५ साली लाल रंगाचा किडा समजून एक किडा ब्राझीलमधून येथे आणला गेला. त्याच्यापासून हवा तसा रंग मिळाला नाही, परंतु निवडुंगाच्या एका जातीचा त्याने मोठ्या प्रदेशात फडशा पाडला. निवडुंगाच्या दुसऱ्या एका जातीसाठी १९२६ साली दक्षिणेत आणखी एक किडा मुद्दाम सोडावा लागला.

घाणेरीची, म्हणजे टणटणीची, कथा याहून खेदाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात ती शोभेसाठी आली. रंगीबेरंगी फुले, झटपट वाढ, जनावरे न खाणारा पाला; बागेच्या कडेला ह्याहून अधिक काय हवे? परंतु तिची फळे पक्ष्यांनी खाल्ली आणि बी रानोमाळ पसरले. भारतातील वाघांच्या मुलखापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वनक्षेत्रात तिचा शिरकाव झाला असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही. गवत नाही तर हरीण नाही. बागेच्या मालकाने आपल्या फाटकापुरता विचार केला. त्याची किंमत रान चुकवीत आहे.

हा इतिहास ध्यानात घेऊन खजरान्याच्या गृहस्थाने काय लावावे? आपले पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. कर्कवृत्त उज्जैनजवळून जाते, म्हणजे आपण त्याच्या किंचित दक्षिणेला. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, हिवाळ्यातील एखाद्या रात्री तो पाच अंशांच्याही खाली उतरतो. पाऊस वर्षाला पंचाण्णव सेंटिमीटरच्या आसपास, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन मुळे कुजविते आणि वैशाखात भेगाळून ती तोडते. तेव्हा पाण्याची ओढ आणि पाण्याची दाटी, दोन्ही सोसणारे झाड पाहिजे. चर खणून मातीत मुरूम आणि कुजलेले खत मिसळावे, वरंबा थोडा उंच करावा आणि चांगला पाऊस पडून गेल्यावर आषाढात रोपे लावावीत.

जेथे गुरांचा किंवा चोरांचा उपद्रव असेल तेथे करवंदीसारखी वई नाही. ती काटेरी, काटक आणि ह्या मातीची ओळखीची आहे. शिवाय लोणच्याला फळे देते. मेंदी उन्हाळा सोसते, कात्री मानते आणि तिच्या मोहराचा वास संध्याकाळी घरभर दरवळतो. मात्र कडाक्याच्या थंडीत कोवळ्या रोपांना जपावे लागते. अडुळशाचा कडू पाला जनावरे टाळतात आणि खोकल्याच्या दिवसांत तो घराच्या उपयोगी पडतो. जेथे थोडी सावली असेल तेथे पांढऱ्या सुवासिक फुलांची कामिनी लावावी. ती सावकाश वाढते, पण म्हणूनच आवरण्यास सोपी असते. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास मोठी इजा करतो आणि ड्युरांटाची पिवळी फळे विषारी असतात. मुले खेळतात त्या अंगणाच्या कडेला ही झाडे नकोत. घाणेरीचे नावही काढू नये.

वई लावली म्हणजे तिची छाटणी आली. छाटलेला पाला रस्त्यावर टाकण्याचे किंवा जाळण्याचे कारण नाही. ह्याच इंदुरात १९२४ ते १९३१ ह्या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी खताच्या कच्च्या मालात कुंपणाच्या छाटणीचीही गणना केली आहे. वईतून निघाले ते वईच्याच मुळाशी परत गेले, तर तिला दुसरे खत फारसे लागत नाही.

मिठाचे कुंपण पहारा उठताच नाहीसे झाले, कारण त्याच्या मागे कोणाचीच आपुलकी नव्हती. टणटणी मालकाने सोडली तरी दोनशे वर्षे पसरतच राहिली. गृहस्थाला ह्या दोहोंच्या मधली वाट धरावयाची आहे. आपण गेल्यावरही जे जगेल, परंतु आपली हद्द सोडून जाणार नाही, आणि ज्याच्या पलीकडे राहणाऱ्यालाही ज्याची फुले आपलीच वाटतील, असे झाड कुंपणाला निवडावे. रोपवाटिकेत सर्वांत झपाट्याने वाढणारे रोप मागण्यापूर्वी एवढा विचार केला, तरी पुष्कळ झाले.